पहिला रेस बोर्ड घ्यायचाय: १४ × २१.५ की १४ × २४?

सई_पुणे

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, रविवारी पहाटे मुळशीच्या पाण्यावर पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) चालवते. माझा बोर्ड हवेचा, १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद. सहा किलोमीटर सरळ मारते आणि दमत नाही, पण वेग काही केल्या वाढत नाही. मार्च २०२४ मध्ये मंगळूरजवळ सशिहित्लूला एपीपी वर्ल्ड टूर या पॅडलबोर्डच्या जागतिक स्पर्धामालिकेची फेरी होती, ती बघायला गेले होते. तेव्हापासून डोक्यात रेसच आहे. माझं वय ४१, वजन ६२ किलो, उंची ५ फूट ४ इंच.

गोव्यात एकाच माणसाकडे दोन जुने बोर्ड विकायला आहेत:

पहिला १४ फूट × २१.५ इंच. पूर्ण कार्बन, सपाट पाण्यासाठीचा, उभं राहायची जागा खोलगट. कंपनीने छापलेलं वजन ११.८ किलो. नाकाजवळ कडेला तडा होता, तो "भरून घेतलाय" असं सांगतात. किंमत १ लाख ६० हजार.

दुसरा १४ फूट × २४ इंच. काच आणि पीव्हीसी सँडविच, मधे कार्बनचा पट्टा, सगळ्या पाण्यांसाठीचा. वजन १३.२ किलो. किंमत ९५ हजार.

विकणारे म्हणतात, पहिला घ्या, तोच खरा रेसचा, दुसरा दोन महिन्यांत लहान वाटेल. मला हे कार्बन, सँडविच, ईपीएस प्रकरणच नीट कळत नाही. एवढे पैसे नक्की कशाचे? पुढच्या शनिवारी बघायला जाणार आहे. तिथे काय तपासू?

देवबागकर

सईताई, देवबागला आमचं फायबरच्या होड्यांचं काम आहे, वडिलांपासून. गेली सात-आठ वर्षं पॅडलबोर्डही दुरुस्तीला येतात, आणि कर्लीच्या खाडीत मी स्वतः १४ फुटी चालवतो. तेव्हा सांगतोय ते हाताखालून गेलेलं सांगतोय.

माझं मत २४ इंचीला. कारण सांगतो.

वेग मिळतो लांबीतून. कुठलीही होडी पाणी बाजूला सारत चालते तेव्हा स्वतःचीच एक लाट उभी करते, आणि त्या लाटेच्या पुढे जाणं फार महाग पडतं. साडेदहा फुटांना ही हद्द ताशी ८ किलोमीटरच्या आसपास येते, १४ फुटांना ९.३ च्या आसपास. निमुळत्या बोर्डाला ती थोडी ओलांडता येते, पण हिशोब साधारण हाच. तुमचा वेग अडलाय तो इथे, आणि ते अडलेलं सुटतं १४ फुटांनी. दोन्ही बोर्ड १४ फुटीच आहेत.

आता रुंदी. स्थिरता रुंदीच्या घनाप्रमाणे बदलते. २४ ला २१.५ ने भागा, १.१२ येतात. त्याचा घन १.३९. म्हणजे अडीच इंचांत जवळपास ४० टक्के फरक! आणि तुम्ही येताय ३२ वरून. जास्तीची लांबी जमेस धरली तरी २४ वर येतानाच तुमची स्थिरता जवळपास निम्मी होणार आहे. २१.५ वर पहिले सहा महिने वल्हं पाण्यात पडेल ते टेकू घ्यायला. ओढीचा जोर पायांतून बोर्डात उतरावा लागतो. पाय थरथरत असतील तर तो वाटेतच विरतो.

खोलगट डेकचा, म्हणजे उभं राहायच्या वरच्या बाजूचा, एक फायदा खरा आहे. पाय खाली जातात, तोल सुधारतो, म्हणूनच इतके अरुंद बोर्ड चालवता येतात. पण लाटेत ते कुंड पाण्याने भरतं आणि निचऱ्याच्या भोकांतून रिकामं व्हायला वेळ घेतं. सशिहित्लूला शांभवी आणि नंदिनी समुद्राला मिळतात, किनाऱ्यावर लाट फुटते, ती फोडून बाहेर जायचं असतं. तिथे नाकाला थोडी उचल असलेला, सगळ्या पाण्यांचा बोर्डच हवा. स्टारबोर्डसारखे कारखाने हे दोन प्रकार वेगळ्या नावांनी विकतात: सपाट पाण्याचा 'स्प्रिंट', सगळ्या पाण्यांचा 'ऑल स्टार'. नाक बाजूने बघितलंत की फरक लगेच दिसतो.

आता बांधणी, माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

आत असतो ईपीएस फोम, टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा पांढरा थर्माकोल, फक्त जरा घट्ट. घनमीटरला १६ ते २४ किलो. २५० लिटरच्या बोर्डात तो भरतो ४ ते ६ किलो. बाकीचं वजन कातड्याचं म्हणजे बाहेरच्या कवचाचं, ते घट्ट करणाऱ्या रेझिनचं, फिनच्या (तळाला मागे असतं त्या उभ्या पात्याच्या) खाचेचं, पायाखालच्या रबराचं. तुमचं आणि बोर्डाचं मिळून वजन ७५ किलो, म्हणजे पाण्याखाली ७५ लिटरच जातात. उरलेले लिटर लाटेत नाक बुडालं की परत वर काढायला.

फोमला स्वतःची ताकद जवळजवळ नाही. अंगठा दाबला तर खळगा पडतो. ताकद सगळी कातड्यात. तुम्ही मध्यभागी उभ्या राहता, पाणी मात्र पूर्ण लांबीने वर ढकलतं, त्यामुळे बोर्ड मधे खाली वाकायला बघतो. वरचं कातडं दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. फोमचं काम ही दोन कातडी एकमेकांपासून लांब धरून ठेवायची. साध्या बांधणीत फोमवर थेट काचेच्या धाग्यांचं कापड आणि एपॉक्सी, हे एका जातीचं रेझिन. पायाच्या टाचेखाली ते हळूहळू बसत जातं. सँडविचमध्ये कातडंच तिहेरी: काच, मग साधारण तीन मिलिमीटरचा घट्ट पीव्हीसी फोम, पुन्हा काच, आणि सगळं व्हॅक्यूमच्या पिशवीत दाबून पिकवलेलं. त्या तीन मिलिमीटरने कातडं कितीतरी ताठ होतं, आणि वजन वाढतं किलो-सव्वा किलोच. कार्बन आणखी ताठ, आणखी हलका. पण दगडावर आपटला तर काच पांढरी पडून जागा दाखवते, कार्बन काळाच राहतो आणि आत तुटलेला असतो. तुमचे जास्तीचे पासष्ट हजार आहेत ते कार्बनचे आणि दीड किलोचे. पहिल्या वर्षी तो दीड किलो तुम्हाला जाणवेल तो गाडीच्या टपावर चढवताना.

आता त्या "भरून घेतलेल्या" तड्याबद्दल. माझ्याकडे पहिला बोर्ड आला तेव्हा मी होड्यांना वापरतो तेच पॉलिएस्टर रेझिन हार्डनर घालून भोकात ओतलं. रुपयाएवढं भोक होतं. आमच्या डोळ्यांदेखत फोम आत सरकायला लागला, बर्फ विरघळावा तसा, आणि पाच मिनिटांत तिथे नारळाची अर्धी करवंटी बसेल एवढी पोकळी. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हा फोम खातं. ईपीएसला एपॉक्सीच लागतं. बोर्ड एका शिकाऊ मुलाचा होता, त्याने पैसे साठवून घेतलेला. पुढचे चार दिवस कापून, नवा फोम बसवून, एपॉक्सीने भरून दिला, पैसे घेतले नाहीत, पण त्याचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो. किनाऱ्यावर पॉलिएस्टरचे डबे सहज मिळतात, म्हणून ही चूक सगळीकडे होते. वरून पॉलिश पेपर मारून रंग दिला की कळतही नाही.

म्हणून शनिवारी सामानाचा ताणकाटा बरोबर न्या. फिन काढा, दोरी काढा, दोन्ही बोर्ड तोला आणि छापलेल्या वजनाशी ताडून बघा. दोन-तीनशे ग्रॅमचा फरक चालतो. एक किलो जास्त भरला तर आत एक लिटर पाणी आहे असं समजा. ईपीएसच्या मण्यांमधून पाणी शिरतं आणि निघायला महिने घेतं. मग बोटाच्या पेराने पूर्ण डेक ठोकत जा. चांगल्या जागी आवाज कोरडा येतो, टक्क. कातडं सुटलेलं असेल तिथे थप्प, पिकलेल्या फणसासारखा. पाय ठेवायच्या जागी रबर असतं, तिथे अंगठ्याने दाबून बघा.

शेवटची परीक्षा: हवेचा प्लग (आतली हवा सोडायचं बूच) बंद करून बोर्ड दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवा आणि तड्यावर साबणाचं पाणी लावा. आतली हवा प्रसरण पावते, भेग उघडी असेल तर बुडबुडे येतात. एवढ्याच वेळापुरतं हं. घरच्या तापमानाला पिकवलेलं एपॉक्सी ५०–६० अंशांपुढे मऊ पडू लागतं, आणि काळा कार्बन मे महिन्यात तिथवर सहज जातो. आणि प्लगमध्ये गोरेटेक्सची, म्हणजे हवा सोडणारी पण पाणी अडवणारी, जाळी असेल तर हवा तिथूनही निसटेल, त्यावर चिकटपट्टी लावा.

उत्तरेचा_वारा

देवबागकरांच्या बांधणीच्या माहितीला सलाम. रुंदीबाबत मात्र थोडं वेगळं मत.

मी नेदरलँड्समध्ये फ्रीसलँडला असतो. इथे सप (उभ्याने पॅडल) ११-सिटी टूर ही शर्यत असते: ५ दिवस, २२० किलोमीटर, लेउवार्डेनहून निघून अकरा गावं करत परत लेउवार्डेन. मी ७८ किलोचा, २३ इंची घेऊन उतरलो. कालव्यांत राजासारखा चाललो. पण स्लोटन गावाजवळच्या तळ्यावर वारा आडवा आला आणि तासभर गुडघ्यांवर बसून वल्हवलं. तरीही २३ चा पश्चात्ताप नाही. आठवड्यात चार दिवस पाण्यावर असाल तर शरीर दोन-तीन महिन्यांत शिकतं. तुमचं वजन कमी आहे, तुम्हाला अरुंद बोर्ड माझ्यापेक्षा लवकर जमेल. २१.५ मात्र मीही सांगणार नाही.

अजून एक, फिन. इथल्या कालव्यांत पाणगवत असतं, ते सरळ फिनला अडकलं की बोर्ड ब्रेक लावल्यासारखा होतो. मागे झुकलेली फिन घ्या, गवत घसरून जातं. पुण्याकडे जलपर्णी आहेच.

देवबागकर

पटलं. चार दिवस पाणी मिळत असेल तर २३ सुद्धा चालेल. ताईंना रविवारच मिळतो, म्हणून मी २४ वर आहे.

सांजवारा

सईताई, बोर्ड ठेवणार कुठे? मी पणजीत तिसऱ्या मजल्यावर राहते. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर, लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर फिरत नाही. वर्षभर मैत्रिणीच्या अंगणात ठेवला, तिथे माडाची झावळी पडून डेकला खोक पडली. शेवटी १४ × २६ चा हवेचा रेस बोर्ड घेतला. तुमच्याकडे आहे त्याच जातीचा, आत वरच्या-खालच्या कापडांना जोडणारे हजारो धागे, पण लांब, आणि १८–२० पीएसआय दाबाने हवा भरली की बराच ताठ. मधे थोडा लवतो हे खरं, लाटेत तर जास्तच. कडक बोर्डाची धाव त्याला नाही. पण तो माझ्या कपाटात मावतो, म्हणून मी आठवड्यातून तीनदा मांडवीत असते. जागेचा प्रश्न सुटत नसेल तर हाही विचार करा.

सई_पुणे

जाऊन आले! जागेचं म्हणाल तर मुळशीला एका शेतकरी काकांचा गोठा आहे, आता रिकामाच असतो. त्यांच्याशी बोललेय, वाशाला दोन पट्टे बांधून देणार आहेत.

ताणकाटा नेला. विकणाऱ्यांना ते फारसं आवडलं नाही. २४ इंची भरला १३.४. छापील १३.२, म्हणजे ठीक. मग २१.५. छापील ११.८, काट्यावर १४.६. मी दोनदा तोलला. पावणेतीन किलो जास्त! तड्याजवळ ठोकलं तर अगदी तुम्ही म्हणालात तसा थप्प, आणि तो भाग नाकापासून हातभर मागपर्यंत पसरलेला. उन्हात ठेवून साबण लावला. आधी काही नाही. मग रंगाच्या कडेला एक बारीक बुडबुडा, मोहरीएवढा, फुगला आणि फुटला, त्याच जागी दुसरा. आम्ही दोघंही वाकून बघत होतो. ते काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांनी बाहेरून काम करून घेतलेलं.

२४ इंचीवर मांडवीत अर्धा तास उभी राहिले. दोनदा पडले. तिसऱ्यांदा पाणी नाकाखाली चिरत गेल्याचा आवाज आला, तो माझ्या जुन्या बोर्डावर कधीच ऐकला नव्हता. ९० हजारांना ठरला. येत्या शुक्रवारी पुण्याला आणतेय, गाडीच्या टपावर. त्या २१.५ चं काही होऊ शकतं का? त्यांनी विचारायला सांगितलंय.

देवबागकर

फार छान झालं.

त्यांना सांगा, तडा पुन्हा उघडावा लागेल. सुटलेलं सगळं कातडं कापायचं, ओला फोम काढायचा, बाकीचा सावलीत पंखा लावून सुकू द्यायचा आणि दर आठवड्याला तोलत राहायचं. वजन दोन आठवडे एकच भरलं की मगच एपॉक्सी. पावसाळ्याआधी घेऊन आले तर मी करून देईन.

आणि शुक्रवारी निघताना तुमच्या बोर्डाचा प्लग बघा. स्क्रूचा असेल तर सैल करून मगच घाट चढा. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, हवेचा दाब सहा टक्क्यांनी उतरतो, आत कोंडलेली हवा कातडं उचलायला बघते. टपावर बोर्ड उलटा ठेवा, डेक खाली, नाक पुढे. पट्टे हाताने ओढून जेवढे बसतील तेवढेच, रॅचेट (पट्टा आवळायची खटक्याची कळ) लावू नका. मुळशीला पाण्यात उतरवण्याआधी प्लग आठवणीने घट्ट करा.