आश्रमात आईचं वजन उतरतंय, जेवण कुठे कमी पडतंय?

बेलापूरची लेक
नमस्कार. आई ७९ वर्षांची, दीड वर्षापासून पनवेलजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. नोकरीमुळे मला रविवारीच जाता येतं. मे महिन्यात तिचं वजन ५२ किलो होतं, या रविवारी ४६.५ भरलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "वयामुळे उतरतंच." भिंतीवरच्या तक्त्याला नाव ठेवायला जागा नाही. सकाळी साडेआठला पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी, वरण-भात, मटकी नाहीतर चवळीची उसळ, संध्याकाळी साडेसहाला रात्रीचं जेवण.

या वेळी मी मुद्दाम जेवणापर्यंत थांबले. आईने पोळीचा मधला मऊ भाग तेवढा खाल्ला, कडा बाजूला सारल्या. मटकीचा एकेक दाणा चघळायची आणि चोथा काढून ताटाच्या काठाशी ठेवायची. वीस मिनिटांत मावशी ताट उचलून गेल्या, वहीत लिहिलं "जेवल्या". काठावरची ती चोथ्याची रांग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तिला डायबेटिसची गोळी चालू आहे. जन्म दिवाळे कोळीवाड्यातला, मासळीशिवाय कधी जेवली नाही, आणि आश्रम शाकाहारी आहे. घरी आणलं तर दिवसभर तिच्याजवळ कोणी नाही. आश्रमाकडे नेमकं काय मागू?

घोडबंदरकर
ताई, आधी कवळी बघा. वजन उतरलं तशी माझ्या वडिलांची कवळी सैल झाली, चावताना हिरडीला घासायची. ते सांगायचे नाहीत, "भूक नाही" एवढंच म्हणायचे. दाताच्या डॉक्टरांनी आतून नवीन अस्तर भरून दिलं आणि ते पुन्हा पोळी खायला लागले.

स्वयंपाकघरातली मावशी, ठाणे
बाळा, मी अकरा वर्षं एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. कोण किती जेवलं ते आम्हाला खरकट्या ताटांवरून कळायचं. वहीत "जेवल्या" लिहिण्याऐवजी अर्धं, पाव, पूर्ण असं लिहायला सांग. मावशींवर चिडू नकोस, एकेकीकडे दहा-बारा जणं असतात. आईला मात्र पाऊण तास लागतो, तो मिळायला हवा. तिचं ताट सगळ्यात शेवटी उचला म्हणून सांग.

मला सर्वांत जास्त खटकलं ते साडेसहाचं जेवण. तिथून सकाळच्या साडेआठपर्यंत चौदा तास होतात. डायबेटिसच्या काही गोळ्यांवर एवढा वेळ पोट रिकामं राहिलं तर रात्री साखर खाली जाऊ शकते. पहाटे घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतं का, ते आईला विचार. नऊ वाजता कपभर दूध किंवा नाचणीची लापशी मागून घे.

या वयात प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम तरी लागतात. म्हणजे आईला ४५-५० ग्रॅम, आणि आश्रमाच्या पातळ वरणातून ती भरत नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात सहा-सात. अंडं चालत नसेल तर पनीर कुस्करून भाजीत, दुधाची पावडर लापशीत, दाण्याचं कूट अगदी बारीक करून. मटकीऐवजी मुगाचं कढण. पोळी वरणात भिजवून, वर तूप. (किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवायची.) आणि सगळं एकत्र मिक्सरमधून काढून देऊ देऊ नकोस. आमच्याकडे एक आजी तसा वाडगा बघूनच तोंड फिरवायच्या. वरण, भात, भोपळ्याची भाजी वेगवेगळी मऊ करून वाढली की जेवायच्या.

मासळीचं म्हणशील तर रविवारी डब्यातून ओले बोंबील ने. मधला काटा काढून, कमी तिखट कालवण. आत चालत नसेल तर अंगणात बसून भरवायची परवानगी माग.

निवृत्त सिस्टर, वाशी
सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलंय. याला "वय" म्हणून सोडून देऊ नका, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन बघतील. डायबेटिसची गोळी मेटफॉर्मिन असेल तर त्यानेही भूक मंदावू शकते आणि बरीच वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. जेवण घटलं आणि गोळी तेवढीच राहिली, हे धोक्याचं. डोस मात्र स्वतः कमी करू नका. मन उदास आहे का, हेही डॉक्टरांना सांगा.

अजून एक. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येतो का? तसं असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत दूध-ताक घाईने वाढवू नका, पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातात. भरवताना ताठ बसवा, नंतरही अर्धा तास आडवं करू नका.

बेलापूरची लेक
मावशी, सिस्टर, दादा, मनापासून आभार. डॉक्टरांकडे बुधवारी जाऊन आलो. रक्ताचे रिपोर्ट यायचेत, गोळीचा डोस त्यांनी कमी केला. ठसका लागत नाही. नऊच्या दुधाला मॅडम तयार झाल्या, फक्त आईलाच नाही, डायबेटिसच्या सगळ्यांना देणार म्हणाल्या. वहीचं अजून मान्य नाही, पुन्हा बोलेन.

काल अंगणातल्या बाकावर बसून बोंबील भरवले. पहिल्या घासाला आई म्हणाली, "दिवाळ्याचं हाय ना?" चार बोंबील आणि मूठभर भात, पन्नास मिनिटं लागली. कवळी खालची सैलच निघाली, गुरुवारची वेळ घेतली आहे.