पहिलीच्या आधी किती यायला हवं? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ए-३०२: सिनियर केजीवाल्यांसाठी विचारते. मार्चअखेर १०० पर्यंत अंक लेखन आणि दोन ते पाचचे पाढे पाठ, अशी यादी हातात आलीये. मूल ४० पर्यंत लिहितं आणि मग वही ढकलून देतं. पहिलीत जायच्या आधी नक्की किती यायला हवं?

सी-५०४ गुरुजी: ताई, त्या यादीतलं बरंच पहिली-दुसरीचं आहे. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, लहान मुलांच्या वाचन आणि अंकज्ञानासाठी. त्यात पहिलीच्या आधीच्या वर्षाची, म्हणजे बालवाटिकेची उद्दिष्टं दिलेली आहेत. अक्षर आणि त्याचा आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, १० पर्यंतचे अंक ओळखून वाचणं, वस्तू, आकार, घटना क्रमाने लावणं. एवढंच. ९९ पर्यंत वाचन-लेखन हे पहिलीच्या अखेरचं उद्दिष्ट आहे.

बी-६०४ बालवाडी काकू: आणि "१० पर्यंत" ऐकून कमी समजू नका. १०० पर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलालाही दहा कळलेले असतातच असं नाही. घरी करून बघा.

१० शेंगदाणे ओळीत मांडा आणि मोजायला सांगा. बोट एका दाण्यावर आणि तोंडात एकच अंक, असं होतंय का बघा. बोट मागे राहून तोंड पुढे पळालं की दहा दाण्यांचे बारा होतात. मोजून झाल्यावर लगेच विचारा, "किती आहेत?" मूल परत एकपासून सुरू करत असेल, तर शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या हे अजून डोक्यात बसलेलं नाही. मग त्याच्यासमोर तेच दाणे लांब पसरा आणि पुन्हा विचारा. न मोजता "दहाच" म्हणालं तर छान.

आता शेवटचं. वाटीभर दाणे पुढे ठेवून म्हणा, "मला ७ दे." हे सगळ्यात अवघड, कारण मोजता मोजता सातला थांबायचं हेही लक्षात ठेवावं लागतं. पुष्कळ मुलं मूठभर देऊन मोकळी होतात. हे जमेपर्यंत पुढचे अंक लिहून घेण्यात काहीच अर्थ नाही.

ए-३०२: काकू, आत्ताच केलं. ७ मागितले, ११ मिळाले 🙂 बेरीज-वजाबाकीचं काय मग?

बी-६०४ बालवाडी काकू: वहीत नको. ५ दाण्यांतले २ वाटीखाली झाका. ३ दिसतायत, झाकलेले किती? रोज पाच मिनिटं, झाकायचा आकडा बदलत राहायचं. त्यातच दोन्ही आलं. फाशावरचे ठिपके न मोजता ओळखणं हाही उत्तम सराव, सापशिडी काढा.

डी-१०३: आमच्याकडे "एकवीस" सांगितलं की १२ लिहिलं जातं. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असेल का?

सी-५०४ गुरुजी: एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. एकवीस म्हणताना "एक" आधी ऐकू येतो, मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं. एकोणतीस तर त्याहून कठीण, कानावर "तीस" पडतं आणि लिहायचं २९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी "वीस एक" असं वाचन आणलं तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. शब्द कुठले वापरावेत यावर मतं असतील, पण मुलांची अडचण खरीच आहे. १० काड्यांना रबर लावून गठ्ठे करा. २१ म्हणजे डावीकडे दोन गठ्ठे, उजवीकडे एक सुटी. आधी मांडायचं, मग लिहायचं. आणि हे पहिलीत केलं तरी चालतं.

डी-२०१ थेरपिस्ट ताई: अक्षर किंवा अंक उलटा काढणंही साधारण सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं. हाताबद्दल मात्र सांगते, कारण "वही ढकलतं" हे कधीकधी हात दुखल्यामुळेही असतं. मनगटाची छोटी हाडं या वयात अजून पूर्ण तयार झालेली नसतात. पानंच्या पानं गिरवून ताकद येत नाही, पकड बिघडते. कणीक मळणं, मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे लावणं, रेघेवर कात्रीने कापणं, हे द्या. खडू मोडून साधारण अंगठ्याच्या पेराएवढा करा. तुकडा लहान असला की मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. कागद भिंतीला चिकटवून उभ्याने रंगवू द्या, मनगट बरोबर वळतं. केजी संपताना स्वतःचं नाव आणि १ ते १० लिहिता आलं की लेखन पुरे.

डी-१०३: आणि वाचन? क ते ज्ञ पाठ आहे, पण मधलंच एखादं दाखवलं की अडतं.

बी-६०४ बालवाडी काकू: कारण ते गाणं म्हणून पाठ आहे. ओळीने घेऊच नका. क, म, ल, ग, न, र ही सहा घ्या, त्यातून लगेच शब्द निघतात: नग, मन, कमल, मगर, गरम. मग काना: मामा, काका, नाक, कान. सहा अक्षरांत मूल "वाचायला" लागतं, त्याचा आनंद वेगळाच असतो. घ-ध, भ-म, ट-ठ-ढ एका आठवड्यात शिकवू नका, हमखास घोळ होतो.

अक्षराआधी कान तयार करा. "बादली" ला टाळ्या किती? "कप" चा पहिला आवाज कुठला? "मगर" मधला म काढला तर काय उरलं? भाजी निवडतानाही होतं हे. इंग्रजी माध्यमवाल्यांनीही आधी आवाज घ्यावेत, अक्षराचं नाव नंतर. "सी, ए, टी" जोडून "कॅट" ऐकू येत नाही. "क्, ॲ, ट्" जोडलं की येतं. मात्र "क्" ला "कऽऽ" असं लांबवू नका, जोडताना शब्द मोडतो.

ए-३०२: आवाजांचे खेळ खेळतो, पण ट आणि ठ मधला फरक कळतच नाही. परत परत "काय?" विचारतं.

डी-२०१ थेरपिस्ट ताई: मग सरावाआधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं, आणि कान दुखत नसल्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी होते, आणि पडद्यामागचं पाणी बघायला टिम्पॅनोमेट्री. दोन्ही बिनदुखीच्या आहेत. सर्दी चालू असताना मोजणी कमी आली, तर बरं झाल्यावर परत करून घ्या.