आईसोबत हेडसेट लावून जेवायचंय, पण प्रत्येक घासाला मेनू उघडतोय

कृष्णाकाठचा:

मंडळी, प्रश्न हसण्यासारखा आहे, पण मदत हवीय.

मी स्टुटगार्टला, आई सांगलीत. व्हिडिओ कॉल लावून जेवायला बसलो की ती निम्मा वेळ फोन कशाला टेकवायचा तेच बघत असते. मला दिसतो पंखा आणि तिचं कपाळ. म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा दोन व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचे, आत आभासी दुनिया दिसते ते) घेतले, एक तिकडेच ठेवून आलो. आभासी खोली, त्यात टेबल, अलीकडे मी, पलीकडे आई. पुतण्या अकरावीसाठी आजीकडे राहतो, तो तिला लावून देतो.

वेळेचं त्रांगडं आहेच. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिचे दुपारचे साडेबारा ते माझे सकाळचे आठ. रविवारी सकाळी आठला भरली वांगी आणि भाकरी खाणारा आमच्या इमारतीत मी एकटाच असेन. ते जमवलं.

खरी अडचण हाताची. हातात धरायचे कंट्रोलर बाजूला ठेवले की हे यंत्र बोटं ओळखतं, आणि अंगठा-तर्जनी जुळली की त्याला क्लिक वाटतं. भाकरीचा तुकडा मोडला, क्लिक. वांग्याला लावला, क्लिक. तळवा स्वतःकडे वळवून चिमूट केली की मेनू उघडतो. आता घास तोंडाशी नेताना माणूस दुसरं काय करतो? आणि घास हातात धरून बोलत बसलो तर अख्खी खोली गर्रकन फिरून पुन्हा समोर येते. बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर काटा-चमचा असणार.

ताट दिसत नाही ते वेगळंच. पहिल्या रविवारी आमटी मांडीवर घेतली. आईला चष्म्यावर ते अर्ध्या किलोचं धूड सोसत नाही. आभासी खोलीत आईला माझ्या जागी जो पुतळा दिसतो त्याचे ओठ माइकच्या आवाजावर हलतात, त्यामुळे चावताना चेहरा मख्ख आणि भुरका मारला की पुतळा बोलायला लागतो! आई म्हणाली, "जेवतोयस की नुसता बसलायस तेच कळेना. वाढू काय मग मी?"

कुणी असं जेवून बघितलंय का?

तारवाला:

सेटिंगमध्ये हातांची ओळख बंद करा, चिमटीचा त्रास जाईल. मात्र आईला तुमचे हात दिसणार नाहीत. ताटासाठी पासथ्रू चालू करा. बाहेरचे कॅमेरे तुमचंच स्वयंपाकघर दाखवतात, त्यात वाटी सापडते.

आवाजाचंही बघा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जुन्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं. युरोप-भारत ते जमू शकतं, पण घरातल्या वायफायने घाण करू नये. राउटरला केबल लावा. उशीर वाढला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प. जेवताना ते फार खटकतं.

पाटपाणी:

वाढण्यावरून आठवलं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये 'कोडाइन' नावाचं जेवणाचं टेबल मांडलं होतं. त्यात दूर बसलेल्यांनी एकमेकांना वाढायची सोय मुद्दाम केली होती. बाजारात आलं असतं तर आपल्याकडच्या आयांनी रांगा लावल्या असत्या.

हेडसेटशिवायचा मार्ग म्हणजे गूगलचं बीम, त्रिमितीय व्हिडिओ कॉलची यंत्रणा. 2021 मध्ये प्रोजेक्ट स्टारलाइन म्हणून जाहीर झालं, 2025 मध्ये नाव बदललं. समोरचा माणूस खरा वाटतो, डोक्यावर काही नाही. एचपीने त्यावर केलेला 65 इंची पडदा 24,999 डॉलरला आहे आणि तो कचेऱ्यांसाठी. एवढ्या पैशांत तुम्ही किती रविवार सांगलीला जेवून याल त्याचा हिशोब तुम्हीच करा.

माजघर:

माझी मुलगी ऑकलंडला असते, म्हणून अनुभवाने सांगते. वाढणाऱ्या बाईचे डोळे बांधून तिला जेवणात सामील करून घेता येत नाही हो! ती बसते कुठे? निम्मं जेवण ओट्यापाशीच होतं तिचं. हेडसेट कपाटात ठेवा. तुमच्या नेहमीच्या जागी खुर्चीवर दोन पाट रचून त्यावर टॅब उभा करा, तुमचं डोकं जिथे असायचं त्या उंचीवर. टॅबपुढे ताट मांडा. दोन्हीकडे भाजी एकच करा.

कृष्णाकाठचा:

तारवाला, पासथ्रूने ताट दिसलं, पण आईने "मुखवटा घालून जेवायचं नाही" म्हणून निकाल लावला.

माजघर, टॅबची युक्ती केली. उंची बरोबर जमली. पण टॅबपुढे ताट म्हटल्यावर आई भडकली. "जिवंत पोराच्या फोटोपुढे ताट ठेवू?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिनेच तोड काढली. माझ्या खुर्चीशेजारी पुतण्याला बसवलं आणि माझ्या वाटणीचं त्याच्या ताटात. आई भाकरी घेऊन येते, टॅबकडे बघून विचारते, "अर्धी वाढू?" मी हो म्हटलं की त्याच्या ताटात पडते. मी नको म्हटलं की ती "एवढ्याने काय होतंय" म्हणते आणि तरीही त्याच्याच ताटात पडते. इकडे मी माझी भाकरी मोडतो. ज्वारीचं पीठ इथल्या तमिळ दुकानात मिळतं, पण थापायला मला अजून जमत नाही, पोळपाटावर लाटतो. आईला ते लगेच दिसलं. जेवणभर तोच विषय होता.

तारवाला:

हेडसेट विकताय का?

कृष्णाकाठचा:

माझा विकायचाय. सांगलीतला पुतण्याने ताब्यात घेतलाय, त्यावर क्रिकेट खेळतो. म्हणतो, "काका, दर रविवारी दोन माणसांचं जेवतोय, एवढं तर चालतंय." शिवाय मला बजावलंय की आईने तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी "पोट भरलं" म्हणायचं.