नव्या व्हेरियंटसाठी अजून किती हॅमस्टर मारायचे?

जांभा (रत्नागिरी)
जून २०२१ आठवतोय? राज्यात कोरोनाच्या डेल्टा प्लस व्हेरियंटचे २१ रुग्ण जाहीर झाले, त्यातले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले. संगमेश्वर तालुक्याचं नाव देशभर झालं, आणि "हा किती वाईट?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. असं उत्तर शोधण्याची प्रयोगशाळेतली रुळलेली वाट म्हणजे सोनेरी सीरियन हॅमस्टर. नाकात विषाणू सोडायचा, रोज वजन करायचं, ठरल्या दिवशी प्राणी मारून फुप्फुसं तपासायची.

२०२० साली त्याला पर्याय नव्हता हे मान्य. पण आता दर नव्या व्हेरियंटला तेच करणं मला पटत नाही. पिंजऱ्यातल्या हॅमस्टरने लस घेतलेली नसते, त्याला आधी कोविडही झालेला नसतो. असा माणूस दापोलीपासून दोडामार्गापर्यंत शोधला तरी मिळणार नाही. मग त्या जिवावर काढलेलं उत्तर आपल्याला कसं लागू होणार? विरोधी मतं हवी आहेत, फक्त "विज्ञानविरोधी" म्हणून मोकळं होऊ नका.

तिठा
जांभादादा, मिळेल की. अंगणवाडीत जा. गेल्या दोनेक वर्षांत जन्मलेली पोरं आहेत ना?

आणि हॅमस्टर कोरा असतो हाच तर त्याचा उपयोग. २६ नोव्हेंबर २०२१ ला ओमायक्रॉनचं नामकरण झालं. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर सांगत होते की रुग्णांना फारसा त्रास नाही. पण तिथली लोकसंख्या तरुण, त्यात बहुतेकांना आधीच संसर्ग होऊन गेलेला. मग विषाणू मवाळ झाला होता की माणसं तयार होती? दवाखान्याच्या नोंदींतून हा गुंता सुटेना. हॅमस्टर आणि उंदरांवरच्या प्रयोगांनी तो बराच सोडवला. आधीच्या व्हेरियंटइतकं वजन घटलं नाही, फुप्फुसात विषाणूही कमी सापडला. म्हणजे फरक विषाणूतही होता. हे उत्तर माणसांकडून इतक्या लवकर कसं काढलं असतं, सांगा.

काजी_बोंडू
प्रयोगशाळेक माकडा व्हयी तर आमच्या बागेत येवा. कलमार एक आंबो ऱ्हवाक नाय. पिंजरो तुमचो, चाय आमची.

जांभा
@काजी_बोंडू 😄 विनोद ठीक, पण हे खरंच घडलंय. कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला २० ऱ्हीसस माकडं हवी होती. लॉकडाउनमध्ये माकडं जंगलात आत गेलेली, शेवटी नागपूरकडे सापडली. आपल्या बागेतली लाल तोंडाची केल्डी (माकडं) निराळ्या जातीची, त्यामुळे तुमचे आंबे तसेच जाणार.

@तिठा, कसं काढलं असतं ते सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाने शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या श्वासनलिकेच्या नि फुप्फुसाच्या तुकड्यांवर ओमायक्रॉन वाढवून पाहिला. श्वासनलिकेत २४ तासांत डेल्टाच्या सुमारे ७० पट, फुप्फुसात मात्र मूळ विषाणूपेक्षाही १० पटींहून कमी. तुमचंच उत्तर, तेही एकही प्राणी न मारता. आणि त्याच हाँगकाँगमध्ये २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉनने हजारो म्हातारी माणसं नेली, त्यातली बहुतेक लस न घेतलेली. हॅमस्टरमध्ये मवाळ दिसला म्हणून त्या म्हाताऱ्यांना काय मिळालं?

तिठा
तुकडा श्वास घेत नाही, त्याला ताप येत नाही, शेजारच्या पिंजऱ्यातल्या तुकड्याला तो संसर्ग देत नाही. हवेतून प्रसार होतो का, हे हॅमस्टर शेजारी-शेजारी ठेवूनच दिसलं होतं. आणि हाँगकाँगचे ते मृत्यू हॅमस्टरच्या माथी का मारता? "आधीच्यापेक्षा सौम्य" याचा अर्थ "निरुपद्रवी" असा लोकांनी लावला. प्रयोगाने तसं म्हटलं नव्हतं.

पाणंद
दोघांनी एक गोष्ट सोडली. २०२१ मध्ये पुण्यातच बी.१.६१७.१, म्हणजे पुढे ज्याला कॅपा म्हटलं तो, हॅमस्टरना देऊन पाहिला. आधीच्या बी.१ या प्रकारापेक्षा वजन जास्त घटलं, फुप्फुसांना इजाही जास्त. प्रयोग चोख होता. पण देशभर थैमान घातलं ते त्याच्या भावाने, डेल्टाने. कॅपा मागे पडला. प्राणी आजार किती खोल जातो ते सांगतो, कोणता व्हेरियंट बाजी मारेल ते नाही.

आणि सगळे प्राणी एका मापाने मोजू नका. माणसाचा एसीई२ (ज्याला चिकटून विषाणू पेशीत शिरतो ते प्रथिन) बसवलेला, के१८ नावाचा उंदीर २००७ साली पहिल्या सार्ससाठी तयार झाला. तो कोविडने मरतो, पण बऱ्याचदा विषाणू मेंदूत शिरतो म्हणून. माणसाचं तसं होत नाही. हॅमस्टर उलट, आजारी पडतो आणि बहुधा दोन आठवड्यांत ठणठणीत. आपली मधुमेही, साठीपुढची माणसं या दोघांच्याही मधे कुठेतरी आहेत.

विंचवाची_नांगी (महाड)
आमच्या भागाचं उदाहरण देतो. लाल विंचू चावून इथे पोरं मरायची. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून बिरवाडीत. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी बघितलं की हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. मग प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. उंदीर नाही, माकड नाही. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. माणसाचा आजार माणसात बघा, एवढंच म्हणणं.

तिठा
डॉक्टरांबद्दल आदरच आहे. पण ते प्राझोसिन त्यांच्या हाती आलं ते आधी प्राण्यांवर तपासूनच ना? शिवाय विंचू दरवर्षी तोच असतो. दर सहा महिन्यांनी नव्या विषाचा विंचू निघाला असता तर रुग्णाच्या उशाशी बसून शिकायला किती पोरं गमावली असती?

गुरांची_डॉक्टर (दोडामार्ग)
तुम्ही सगळे प्राणी म्हणजे माणसाची चाचणीपट्टी धरून बोलताय. दोडामार्गात माकडताप (गोचिडींतून पसरणारा, माकडांनाही मारणारा ताप) आला तेव्हा काजूच्या बागांत मेलेली माकडं हीच आमची पहिली सूचना होती. मेलेलं माकड दिसलं की हात लावू नका, कळवा, हे लोकांना पटवण्यात आमचे किती दिवस गेले. कोविडनेही प्राणी गाठलेच. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कने सगळे मिंक (फरसाठी पाळलेले मुंगसासारखे प्राणी) मारायचा आदेश काढला, दीड कोटीच्या वर. जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगला दुकानातल्या हॅमस्टरांकडून माणसांना डेल्टा झाला, मग तिथेही दोनेक हजार प्राणी मारले.

आता मुद्दा. वुहानचा मूळ विषाणू साध्या उंदराला धरत नव्हता. विषाणूच्या काट्यात एन५०१वाय हा बदल असलेले अल्फा, बीटा, गॅमा व्हेरियंट त्याला धरू लागले. हे उंदरावर प्रयोग केल्यावरच पक्कं झालं. आपल्या भातकोठ्यांत, पडवीत उंदीर किती आणि लेप्टोने (उंदरांच्या मुतातून होणाऱ्या तापाने) इथे काय केलंय ते माहीत आहे ना? एखादा व्हेरियंट उंदरांत मुरून पुन्हा माणसात येऊ शकतो का, हे हाँगकाँगचा फुप्फुसाचा तुकडा सांगणार नाही. त्यासाठी उंदीरच लागतो. थोडे मारून पुढचे लाखो वाचत असतील तर मी प्रयोगाच्या बाजूने.

जांभा
डॉक्टरबाई, तुमचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. पण तो वेगळा प्रयोग झाला. "हा व्हेरियंट उंदराला धरतो का?" हा प्रश्न उंदरांचाच आहे, तो उंदराला विचारा. माझी तक्रार आहे ती दर व्हेरियंटमागे तीच वजनं आणि तीच फुप्फुसं मोजून आणखी एक शोधनिबंध काढण्याबद्दल. निर्णय तर त्यावर होतच नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने ओमायक्रॉनच्या बीए.४/५ या उपप्रकारांसाठीचा बूस्टर मंजूर केला, तेव्हा त्या नेमक्या लशीची माणसांतली आकडेवारी नव्हती. फायझरने दाखवले होते ८ उंदीर. आठ!

तिठा
म्हणजे निर्णय झालाच की प्राण्यांवर! आणि फक्त आठांवर नाही. त्याआधी करोडो लोकांनी तीच लस जुन्या रूपात घेतली होती, ओमायक्रॉनच्या आधीच्या बीए.१ उपप्रकारासाठीच्या बूस्टरची माणसांवर चाचणीही झाली होती. आठ उंदीर पुरले ते त्यामुळे. हे तर तुम्हाला आवडायला हवं, कमी प्राण्यांत काम झालं. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तेच मागितलं होतं: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा.

आपल्याकडेही प्रयोग असाच सुरू होत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेच्या नीतिसमितीकडे अर्ज करावा लागतो, प्राणी का हवेत आणि किती, ते लिहून. माकडं-कुत्र्यांसाठी तर केंद्राच्या समितीकडे जावं लागतं.

जांभा
मग तो अर्ज आणि समितीचा शेरा जाहीर करा. निकाल काहीही आला तरी कोणता निर्णय बदलणार होता, तेही त्यात लिहा. पुण्यात आमच्या पैशांवर चालतं ते.

तिठा
नवा व्हेरियंट आला की उत्तर पंधरवड्यात हवं असतं. तेव्हा अर्ज जाहीर करून हरकती मागवत बसायचं?

जांभा
हरकती नकोत. प्रयोग झाल्यावर छापा.

काजी_बोंडू
आणि माकडांचा काय ठरला?