दीड लाखांची अफवा, पीसीआर आणि न मोजलेले मृत्यू

नोंदवही
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर तो जुना लेख काल पुन्हा फिरला आणि नेहमीच्या मंडळींनी त्यावर टाळ्यांचा वर्षाव केला, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले. लेखातले दावे तीन आहेत. पीसीआरचा, म्हणजे कोविड चाचणीत विषाणूचा अंश शोधणाऱ्या तंत्राचा, शोध लावणाऱ्या कॅरी मुलिस यांनीच ही चाचणी रोग ओळखण्यासाठी नाही असे सांगितले होते. रुग्णामागे दीड लाख रुपये मिळत असल्यामुळे पालिका दिसेल त्याला पॉझिटिव्ह ठरवत होत्या. आणि कोविड हा साध्या फ्लूइतकाच घातक होता.

मुलिस यांचे निधन ऑगस्ट २०१९ मध्ये झाले, म्हणजे हा विषाणू जगाला माहीत होण्यापूर्वीच. त्यांचे ते मत एड्सच्या वादातले होते आणि एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच त्यांना मान्य नव्हते, ही गोष्ट लेखकाने सोयीस्करपणे वगळली आहे. दीड लाखांचे म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते आणि मे २०२० मध्ये ती योजना राज्यातल्या सर्वांना खुली झाली. अफवेतला आकडा तिथूनच आला असावा, असा माझा तर्क आहे. त्या योजनेत रुग्णालयाला उपचाराचे पैसे मिळतात. पॉझिटिव्ह अहवालाचे बक्षीस मिळत नाही. तिसऱ्या दाव्याबद्दल इतकेच म्हणतो की, २०२१ च्या एप्रिलमध्ये जो स्मशानाबाहेर रांगेत उभा होता, त्याला तो ऐकवून पाहावा.

सरळमार्गी
स्मशानाचा उल्लेख केला की समोरच्याचे तोंड बंद होते, ही युक्ती आता जुनी झाली. मी अफवांचा समर्थक नाही. मी आकडे विचारतो. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. तिच्यात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले, आणि संसर्गामागे मृत्यूचे प्रमाण ०.०५ ते ०.१० टक्के असावे, असे खुद्द पालिकेने म्हटले. त्याच काळात दूरचित्रवाणीवर आम्हाला रोज नोंद झालेल्या रुग्णांमागे पाच टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर दाखवला जात होता. लोकांना घाबरवले गेले, असे म्हणणाऱ्याला तुम्ही मूर्ख कसे ठरवता?

आता चाचणीविषयी. माझ्या मेहुण्याचा अहवाल एका प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे निगेटिव्ह आला. दरम्यान त्याचे वर्कशॉप बंद झाले आणि शेजाऱ्यांनी दूधवाल्यालाही दारात येऊ दिले नाही. सीटी मूल्य म्हणजे विषाणू सापडेपर्यंत पीसीआरला लागलेली आवर्तने; सीटी स्कॅनशी त्याचा संबंध नाही. त्याची मर्यादा ३५ होती. ती २४ वर आणावी का, हे राज्य सरकारनेच वैद्यकीय संशोधन परिषदेला विचारले होते, म्हणजे शंका सरकारलाही होती. आणि ४,५०० रुपयांची चाचणी वर्षभरात ५०० रुपयांवर आली, तर आधीचे चार हजार कोणाच्या खिशात गेले, तेही सांगा.

वॉर्ड क्रमांक चार
परिषदेने त्या पत्राला नकार दिला आणि कारणही दिले होते: मर्यादा २४ केली असती, तर दुसऱ्याला संसर्ग देऊ शकणारे कितीतरी रुग्ण निसटले असते. आपण प्रश्न सांगितलात, उत्तर मात्र गाळलेत. पीसीआर मेलेल्या विषाणूचे अवशेषही पकडते, हे खरे आहे, आणि म्हणूनच मे २०२० पासून सौम्य रुग्णाला पुन्हा चाचणी न करता दहा दिवसांनी घरी सोडण्याचा नियम आला. मेहुण्यांच्या बाबतीत स्वॅब कोणी, किती खोलवर आणि आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, याला फार महत्त्व आहे. घाबरून मान मागे घेणाऱ्या माणसाचा नमुना नीट मिळतच नाही.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे चूक झाली ती नेमकी उलट्या दिशेने. अँटिजेन ही झटपट चाचणी निगेटिव्ह आणि ऑक्सिजन सत्तरवर, असे रुग्ण येत. लक्षणे असतील तर निगेटिव्ह अँटिजेननंतर पीसीआर करावी, असा आदेश होता. पण तो अहवाल येण्याआधी माणूस गेला की कागदावर ‘न्यूमोनिया’ लिहिले जाई. १६ जून २०२० रोजी राज्याने आधीचे १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे होते. इतके मृत्यू तोपर्यंत यादीबाहेर होते, ही काय फुगवलेल्या आकड्यांची खूण आहे?

गोदाकाठ
चाचणीवर भांडताना तुम्ही सगळे खरी लूट विसरता आहात. लूट झाली ती एचआरसीटीमध्ये, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनमध्ये. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या नाशकात कोणी कोणाला ‘कसे आहात’ असे विचारतच नव्हते; ‘स्कोअर किती’ एवढेच विचारत होते. फुप्फुसाच्या बाधेचे पंचवीसपैकी आठ आले तर घरात रडारड, चार आले तर पेढे! सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये दोन ते तीन हजारांची मर्यादा घातली होती, तरी माझ्या वडिलांचे थोड्याच दिवसांत तीन स्कॅन झाले. पहिला तर ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा फुप्फुसात काही दिसण्याची शक्यताच कमी असते.

किरण खोली
मी सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ आहे आणि ‘लूट’ हा शब्द मला मान्य नाही. पीसीआरचा अहवाल यायला कित्येक दिवस लागत होते, आणि तोवर रुग्णाला खाट मिळावी म्हणून डॉक्टरांच्या हाती आमचीच फिल्म होती. मे २०२१ मध्ये एम्सचे संचालक गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे तीनशे ते चारशे एक्स-रे असे सांगितले आणि लोक आम्हाला विषारी किरणांचे दुकानदार समजू लागले. क्षकिरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्यावर तेव्हाच आक्षेप घेतला होता, कारण आजची यंत्रे त्याहून फारच कमी मात्रेत काम करतात. पीपीई घालून रात्रभर उभे राहिलेल्या माणसाला आज लुटारू म्हणणे सोपे आहे.

गोदाकाठ
आपण उभे राहिलात, याबद्दल आदर आहे; पण बिल आपण उभे राहिल्याचे नव्हते, यंत्राचे होते. शिवाय स्कोअरचा कागद पुढे कुठे जात होता? थेट रेमडेसिव्हिर या इंजेक्शनच्या चिठ्ठीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातल्या रुग्णांना ते देऊ नये, अशी शिफारस केली होती, तरीही पाच महिन्यांनी माझा भाऊ सहा कुप्यांसाठी रात्री-अपरात्री जिल्हाभर फिरत होता.

किरण खोली
चिठ्ठी मी लिहिली नव्हती. फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी शून्य ते पाच गुण देतात, ते डॉक्टरांना व्याप्ती कळावी म्हणून. त्याचा बोर्डाचा निकाल करून समूहांवर फिरवला तो तुम्ही, नातेवाइकांनी.

नोंदवही
कृपया मूळ मुद्द्यावर या. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली. नोंदणी सुधारली, लोकसंख्या वाढली, हे सारे वजा केले तरी एका वर्षात २१ लाखांची उडी ‘फ्लू’ने मारत नाही. त्या दोन वर्षांतले अधिकृत कोविड मृत्यू पावणेपाच लाखांच्या आसपास आहेत. आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांचा होता. केंद्राने त्याच्या पद्धतीवर कडाडून आक्षेप घेतला, आणि त्यातले काही आक्षेप मला रास्तही वाटतात. मात्र नोंदणीचे आकडे सरकारचेच आहेत. सरळमार्गींचे ०.१० टक्के ज्या मृत्यूंवरून काढले, ते मृत्यू तरी पूर्ण मोजले होते का?

सरळमार्गी
ठीक आहे. मृत्यू फुगवले नव्हते, दडले होते, हे मान्य करतो. एवढ्याने आपला विजय झाला असेल तर अभिनंदन. परंतु कोविडने गेलेल्यांच्या नातेवाइकांना मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या मदतीसाठी राज्यात अधिकृत मृत्यूंहून अधिक अर्ज आले, हेही त्यात धरा. पैसा दिसला की कोविडचे मृत्यू वाढतात. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांतले पाच टक्के दावे तपासायला केंद्राला मुभा दिली, ती उगाच नव्हे.

वॉर्ड क्रमांक चार
खोटे अर्ज आले असतील. ते तपासलेच पाहिजेत. मी मात्र उलटे अर्जही पाहिले. पॉझिटिव्ह अहवालापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी का होईना, मदतीला पात्र होता. ज्यांची चाचणी झालीच नाही किंवा अँटिजेन निगेटिव्ह आली, त्यांच्या बायका ‘न्यूमोनिया’चा दाखला घेऊन आमच्या खिडकीपाशी येत आणि त्यांना जिल्ह्याच्या तक्रार समितीचा पत्ता द्यावा लागे. आणि तुमच्या ०.१० टक्क्यांत वय कुठे आहे? आमच्या वॉर्डात पंचविशीतले बहुतेक चालत घरी गेले; सत्तरीतल्यांचे तसे नव्हते. दोघांची सरासरी काढून आजार सौम्य ठरवता येत नाही.

सरळमार्गी
वयाचा मुद्दा घेतला. चार हजारांच्या हिशेबाबद्दल मात्र सगळेच गप्प आहात.

किरण खोली
आणि एक सीटी म्हणजे चारशे एक्स-रे, हे गोदाकाठ यांना अजूनही खरे वाटते का, तेही कळले नाही.