मदत हवी आहे: पोराच्या बोलण्याची कोणती टेस्ट करू?

कास्तकार_दारव्हा:
पोट्ट्याचं बोलनं साफ नाई. शहरातल्या एका खाजगी थेरपीवालीकडे नेलं होतं. अर्ध्या तासात ४० चित्रं दाखवली न् कागद देल्ला: १९ शब्द चुकीचे, उच्चारदोष, मध्यम ते तीव्र. हप्त्यातून तीनदा आना म्हन्ते, सहा महिने. गावापासून ५५ किलोमीटर हाय, कापूस वेचनी चालू हाय, रोज नेनार कोन? दुसरी टेस्ट असते का, कोनती, कुठं होते, तेवढंच सांगा. सोमवारपर्यंत पैसे भरा लागते.

बालवाडीताई:
दादा, वय काय त्याचं? ऐकू नीट येतं का? कोणते शब्द चुकतात? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

रामभाऊ_पुसद:
टेस्टच्या मागं लागू नका. वेखंड उगाळून मधात जिभेवर लावा, एकवीस दिवस. माह्या पुतन्याचं असंच होतं, आता धडाधडा बोलते. नाईतर जिभेखालची शीर कापून घ्या, पाच मिनिटाचं काम हाय.

कास्तकार_दारव्हा:
वय पाच वर्षं दोन महिने. ऐकू बरोबर येते. टीव्हीचा आवाज लय मोठा करते न् जवळ जाऊन बसते, बाकी काई नाई. सांगतलेलं काम सगळं करते. टेस्ट सांगा ना.

बालवाडीताई:
टीव्हीचा आवाज मोठा करतो, ही छोटी गोष्ट नाही दादा! कान कधी वाहिला होता का?

कास्तकार_दारव्हा:
पावसाळ्यात डावा कान वाहते. दरसाली. सगळ्याच लेकरांचा वाहते ना.

वाचातज्ज्ञ_अकोला:
दरसाली कान वाहणं साधं नाही, आणि सगळ्यात आधी हेच सांगायला हवं होतं. बोलण्याच्या तपासणीची पहिली पायरी कान आहे. पाच वर्षांचं मूल खेळता खेळता ऑडिओमेट्री देतं: आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. सोबत टिम्पॅनोमेट्री करा. पडदा हलतो की नाही, मागे पाणी साचलंय का, ते त्यात दिसतं. झोपवून, डोक्याला तारा लावून करायची बेरा ही कानाची तपासणी बहुतेक लहान बाळांसाठी किंवा सहकार्य न करणाऱ्या मुलांसाठी असते, ती आधी कोणी गळ्यात मारत असेल तर कारण विचारा. आता त्या १९ शब्दांत पोरगा काय म्हणाला ते लिहा. नुसता आकडा काही सांगत नाही.

कास्तकार_दारव्हा:
कागद समोर घेतला. काका ताता, गाय दाय, घर धर, खिडकी थिडती, नाक नात. डोळा डोया, केळी केयी, काळा ताया, शाळा साया, फळा फया, गूळ दूय. असेच बाकीचे.

वऱ्हाडी_पोट्टी:
थांबा थांबा. डोया न् केयी चूक कायले? आमच्या घरी आजीपासून सगळे डोयाच म्हन्तो! माय डोया म्हन्ते, पोट्टं डोया म्हन्ते, ते चुकलं कसं?

वाचातज्ज्ञ_अकोला:
बरोबर पकडलंत ताई. वऱ्हाडीत ळ चा य होतो, ती बोली आहे, दोष नाही. घरचे जसं बोलतात त्याच्याशी मुलाचं बोलणं ताडायचं असतं. 'ळ' साठी तीव्र ठरवलं असेल तर ते शब्द चुकांतून वजा करा. पण क चा त आणि ग चा द हे बोलीतलं नाही. 'काळा'ला तो काया नव्हे, ताया म्हणतोय, बघा. जिभेचा मागचा भाग टाळूला लागायचा, तिथे पुढचा भाग लागतोय. लहानपणी पुष्कळ मुलं असं करतात, चार वर्षांच्या आसपास बहुतेकांचं जातं. पाचला राहिलं तर मदत घ्यायची.

रामभाऊ_पुसद:
म्हनजे शीर कापाच लागते ना?

वाचातज्ज्ञ_अकोला:
नाही रामभाऊ. जिभेखालची शीर ताठ असली तर जिभेचं टोक वर जायला अडचण येते. क आणि ग जिभेच्या मागच्या भागाने होतात. शीर कापून क येणार नाही, लेकराला उगीच दुखेल. वेखंडानेही येणार नाही.

रामभाऊ_पुसद:
माह्या पुतन्याचं आलं होतं.

वाचातज्ज्ञ_अकोला:
वय वाढलं म्हणून आलं असेल. पुतण्या बरा झाला याचा आनंदच आहे.

नागपूरकर_काका:
ऑटिझम तपासला का? दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा, पुढे कामी येतं.

कास्तकार_दारव्हा:
काका, पोट्टं दिवसभर गोष्टी सांगते, सगळ्या गावात फिरते. मी हे विचारलं नाई.

बालवाडीताई:
दादा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक २०१३ पासून आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. सेविकाताईंना सांगून चिठ्ठी घ्या. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कान आणि बोलणं दोन्ही तपासतात, फुकट. सेवाग्रामलाही कान-नाक-घशाचा विभाग आहे. आणि खाजगीत गेलात तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा.

गजानन_वणी:
मधात विचारतो, माफ करा. माह्या बाबाचा आवाज दीड महिन्यापासून बसला हाय. खर्रा खातात. हे पन वाचावाल्याकडे दाखवायचं का?

वाचातज्ज्ञ_अकोला:
गजाननभाऊ, त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, उद्याच. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला की दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे. तंबाखू खाणाऱ्या माणसात तर अजिबात थांबू नका. आवाजाचा व्यायाम नंतर.

कास्तकार_दारव्हा (बारा दिवसांनी):
पैसे भरले नाई. चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला गेलो. डाव्या कानाचा पडदा फाटलेला, उजव्यात पडद्यामागं पानी निघालं. डॉक्टर म्हने, कधी कमी कधी जास्त ऐकू येत असन म्हनून बारीक आवाज सुटले. औषध चालू हाय, कानात पानी जाऊ द्यायचं नाई. तिथल्या मॅडमनं चित्रं नंतर दाखवली, आधी पोट्ट्याले बैलाची गोष्ट सांगाले लावली न् मोबाईलवर भरली. मंग त्याच्या मायले इचारलं, "तुम्ही याला काय म्हणता?" माय म्हने, "डोया." मॅडमनं कागदावर ळ चे सगळे शब्द खोडले. क न् ग राहिला. हप्त्यातून एकदा बोलावलं, बाकी घरी करून घ्यायचं. रात्री आरशासमोर बसवतो त्याले, तोंड उघडून "अऽक" म्हनाले लावतो. काल एकदा 'काका' म्हनला.

वऱ्हाडी_पोट्टी:
भाऊ, लय चांगलं झालं. गजाननभाऊ, बाबाले दाखवलं का?