ॲक्सल बदलायचा की आधी सामान उतरवायचं?

घाटवाटकर

परवा एका ऑफरोड ग्रुपवर फोटो आला. पाच दारांची जिम्नी, खाली ३१ इंची टायर, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), छतावर कॅरियर, कॅरियरवर दुसरी स्टेपनी, दोन जेरीकॅन, फावडं, तंबू. प्रश्न असा की मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं कुलूप) बसवतोय, ॲक्सलमधले चाकं फिरवणारे शाफ्ट तुटतील अशी भीती आहे, तर क्रोमोलीचे, म्हणजे मजबूत मिश्र पोलादाचे, घालू का? खाली सगळ्यांचं एकच, "घाल भावा". गाडीचं वजन किती झालंय हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हौशी माणसाने ॲक्सलवर पैसे घालणं ही शेवटची पायरी. आधी सामान उतरवा, मग टायरचा मोह आवरा, मग दुरुस्ती शिका.

शाफ्टला किती सोसावं लागणार हे इंजिनावर ठरतं असा एक समज आहे. पण लो रेंजमध्ये (अवघड वाटेसाठीचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) पहिल्या गिअरला इंजिन जेवढा टॉर्क देऊ शकतं, तेवढा सहसा शाफ्टवर येतच नाही, कारण त्याआधी चाक फिरायला लागतं. त्या चाकावर वजन किती, टायरची पकड किती आणि टायरची उंची किती, यावर शाफ्टचं नशीब ठरतं. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे साधारण २७ इंची. ३१ घातला की लांबलेल्या तरफेमुळेच शाफ्टवरचा पीळ तेरा-चौदा टक्क्यांनी वाढला. वर विंच आणि बंपरचं वजन. वर लॉकर, म्हणजे एक मागचं चाक हवेत गेलं की मागच्या ॲक्सलचा सगळा टॉर्क दुसऱ्या शाफ्टवर. हे सगळं स्वतःच्या हाताने करायचं आणि शाफ्टला नाजूक म्हणायचं!

आता वजन बघा. या गाडीचं रिकामं वजन १२१० किलोच्या आसपास, आणि भरलेल्या गाडीची मर्यादा १५४५. मधे उरले ३३५. पंचाहत्तर किलोची चार माणसं बसवा, ३०० संपले. उरलेल्या ३५ किलोंत एक भरलेला जेरीकॅन आणि एक हाय-लिफ्ट जॅक, बस्स. विंच तर हिशेबात धरलाच नाही.

चिखलराव

घाटवाटकर, हिशेब वाचायला छान आहे, पण चिखलात उतरला की निम्मा खोटा ठरतो.

गोव्यात २०१४ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा मी जवळून पाहिली आहे. तिथल्या जिप्स्या अगदी सोलून हलक्या केलेल्या असतात, सीटसुद्धा मोजक्या. तरी मोडतोड होतेच, कारण मोडतं ते झटक्याने. चाक हवेत गरागरा फिरत असतं, गाडी घसरून खाली येते आणि ते फिरतं चाक अचानक दगडाला पकड घेतं. त्या क्षणी शाफ्टवर जे येतं त्यात तुमच्या जेरीकॅनचा वाटा किती? हलकी गाडी बरी, मान्य. पण पाय ॲक्सिलरेटरवर आहे तोवर मजबूत शाफ्टला पर्याय नाही.

आणि शाफ्ट मजबूत करायला फार काही लागत नाही. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. दहा टक्के जाड शाफ्ट म्हणजे तेहतीस टक्के जास्त ताकद. वजन वाढतं किती? नगण्य. चार माणसांना डाएट करायला लावण्यापेक्षा हे सोपं.

दुसरं, तुम्ही सुरक्षिततेबद्दल चकार शब्द काढला नाहीत. आपल्या बहुतेक गाड्यांचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग. शाफ्टच गाडीचं वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो. तो बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक शाफ्टचा तुकडा घेऊन निघून जातं. ताम्हिणीच्या उतारावर हे झालं तर "दुरुस्ती शिका" हे वाक्य कुणाला ऐकवणार?

घाटवाटकर

बेअरिंगच्या बाहेर तुटला तर, हे खरं. पण नुसत्या पिळाने तुटणारे शाफ्ट बहुधा आतल्या टोकाला, स्प्लाइनपाशी (टोकावरच्या उभ्या खाचांपाशी) तुटतात. तिथे तुटला आणि शाफ्ट बाहेरून प्लेटने धरलेला असेल, तर चाक जागेवर राहतं. बाहेरच्या टोकावर भार आणतं ते बाहेर काढलेलं चाक. स्पेसर (चाकामागे घालायची जाड चकती) आणि उथळ ऑफसेटच्या रिमा घालून चाकं चार बोटं बाहेर काढायची फॅशन आहे ना, ती बेअरिंगला आणि हाउसिंगला (ॲक्सलच्या कवचाला) खाते. त्यावर क्रोमोलीचा उतारा चालत नाही.

आणि शाफ्ट जाड केलात की मोडण्याची जागा पुढे सरकते. पुढे काय आहे? क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलच्या मधोमध असलेली, इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी. शाफ्ट जंगलात बदलता येतो. चाक काढा, ड्रम काढा, प्लेटचे बोल्ट सोडा, शाफ्ट ओढा, तुटलेलं टोक चुंबकाने नाहीतर तारेच्या फासाने बाहेर काढा, नवा सरकवा. क्राउन-पिनियन बसवायला शिम (पातळ चकत्या) लागतात, बॅकलॅश (दात्यांमधली फट) मोजायला डायल गेज लागतं. ते काम दगडावर बसून होत नाही. मला स्वस्तात तुटणारी वस्तू ओळखीची आणि हाताशी असलेली बरी.

दहा-अकराचा पाना

दोघं पण भांडताय तुटण्यावरनं. आमच्या गॅरेजला ज्या गाड्या येतात, त्यांचा ॲक्सल तुटलेला नसतो, आतनं कुजलेला असतो.

राधानगरी, आजरा, आंबोली या बाजूला पावसाळ्यात फिरून आलेली गाडी घ्या. गाडी घाट चढून येती, डिफरेन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) तापलेलं असतं, आणि थेट ओढ्यात घालता. हाउसिंगमधली हवा एकदम गार होती, आकसती आणि बाहेरचं पाणी ओढून घेती. ब्रीदर, म्हणजे हवा यायजायचं भोक, चिखलानं बुजलेला असला की सील मधनंच ओढती. मग ऑइल काढलं की चहासारखं दुधाळ पडतं. तसंच पुढं हजार-दोन हजार किलोमीटर चालवलं की बेअरिंग गंजून पिनियन आवाज करायला लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतंय शाफ्ट हेवी ड्युटी टाका.

ब्रीदरला रबरी पाइप जोडून वर बॉनेटपर्यंत आणा. किरकोळ काम. ओढ्यात घालायच्या आधी गाडी जरा थांबवा, हब हाताला सोसवेल इतका निवू द्या. घरी आल्यावर डिफचा बोल्ट काढून ऑइल बघा.

आणि शाफ्ट काढलाच तर स्प्लाइनकडं बघा. रेघा सरळ पाहिजेत. जरा जरी तिरप्या झाल्या, तर त्याला पीळ बसलाय, तो परत घालायचा नाही. नवा दिसला तरी नाही.

कायदेबाज

एक कोरडी गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असं म्हटलं आहे. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुल-बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. त्या फोटोतल्या गाडीवर निम्मा बाजार लटकलाय. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी तेच बघेल. आतला शाफ्ट कुणाला दिसत नाही म्हणून चालतं, ही पळवाट झाली.

चिखलराव

कायदेबाज, बंद मैदानावर ट्रेलरने नेलेल्या गाडीला हे कसं लावणार ते सांगा. रस्त्यावरच्या गाडीबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही.

पाना, ब्रीदरबद्दल शंभर टक्के.

फोटोवाला

तो फोटो माझा. मित्राने हा धागा पाठवला.

कॅरियरची चेष्टा झाली म्हणून काल गाडी साखर कारखान्याजवळच्या काट्यावर घातली. गाडीत माणूस एकही नाही, कॅरियरवर फोटोत होतं तेवढं सगळं सामान, टाकी भरलेली. १४८५ भरली.

चिखलराव

म्हणजे तू एकटा बसलास की संपलं! बायकोने चालत यायचं.

बरं, शाफ्टचं माझं मत तेच आहे, पण तुझ्यासाठी नाही. तुझी ऑर्डर थांबव, ते कॅरियर आधी काढ.

सॅन होजेकर

इथे कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेल या खडकाळ ऑफरोड वाटेवर मराठी टाळकी बऱ्यापैकी येतात, म्हणून लिहितो. माझी जीप रँग्लर रुबिकॉन, पुढे-मागे डाना ४४ हे दणकट ॲक्सल कंपनीतूनच. तरीही सामानाबाबत मी घाटवाटकरांच्या बाजूने आहे, आणि दुरुस्तीबाबत अजिबात नाही.

इथल्या ग्रुपांत प्रत्येकाने सगळं न्यायचं अशी पद्धत नाही. एकाकडे मोठा जॅक, एकाकडे वेल्डिंगचं सामान, एकाकडे शाफ्ट आणि क्रॉस (शाफ्टचा सांधा), कारण गाड्या एकाच जातीच्या. तेल सांडलं तर शोषून घ्यायचा संच मात्र प्रत्येक गाडीत असतो, त्याबाबत इथे कडक आहेत. हे आपल्याकडे का होत नाही? पाच गाड्या ताम्हिणीत गेल्या तर पाच विंच, पाच हाय-लिफ्ट, आणि २४ चा पाना एकाकडेही नाही.

दुरुस्तीबद्दल: "जंगलात शाफ्ट बदला" हे सुकी जमीन, सपाटी आणि उजेड असेल तर. जळवा, तिरकी गाडी, अंधार आणि चिखलात धसणारा जॅक, यात गाडीखाली जाणं म्हणजे माणूस गमावण्याचा धोका. सेमी-फ्लोटिंगवर शाफ्ट काढला की चाक लावायला हबच उरत नाही. काही लँड क्रूझरांसारखा फुल-फ्लोटिंग ॲक्सल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वजन हबवर असतं, तुटलेला शाफ्ट बोल्ट सोडून ओढला, भोक झाकलं, पुढच्या चाकांवर घरी. आपले टेंपो-ट्रक याच तत्त्वावर चालतात, त्यात नवल काही नाही.

घाटवाटकर

सामान वाटून घ्यायची कल्पना मी उचलली. हाय-लिफ्टपेक्षा मात्र बाटली जॅक आणि जाड फळी बरी, चिखलात बूड टेकायला काहीतरी लागतं.

पण आतल्या टोकाला तुटलेल्या शाफ्टसाठी गाडीखाली जावंच लागतं असं नाही. साधं डिफरेन्शियल असेल तर मागची ताकद तुटलेल्या बाजूने वाया जाते, तेव्हा फोर बाय फोर घाला आणि पुढच्या चाकांवर हळूहळू बाहेर पडा. लॉकर असेल तर मागचं साबूत चाकही ओढतं. वाटेत थांबून थांबून त्या चाकाकडे बघायचं, बाहेर सरकतंय का. पक्क्या रस्त्याला लागलात की पुढची जबाबदारी टोइंगवाल्याची.

मी नेतो ते: पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट, क्रॉस, हबचे नट, बाइंडिंग तार, साखळीचा तुकडा, डिफचं ऑइल, आणि अंगाला लावायच्या साबणाची एक वडी. टाकीला चीर गेली की साबण घासून दाबायचा, पेट्रोल-डिझेलमध्ये तो विरघळत नाही. सगळं मिळून एका पत्र्याच्या पेटीत, पेटी मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली बांधलेली. छतावर फक्त रिकामे जेरीकॅन आणि ओले कपडे.

दहा-अकराचा पाना

सेंटर बोल्ट न्या, पण ड्रिफ्ट पंच पण न्या. तुटलेला बोल्ट पाट्यात अडकून बसतो, हातानं निघत नाही. आणि पाटे दाबून धरायला शिकंजा लागतो, तो कुणीच नेत नाही.

चिखलराव

साबणाचा प्रयोग चालतो, पाहिलाय.

टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं एकत्र वळवणारा दांडा, तुटला तर काय? त्यावर कुणी बोललंच नाही. वाकला तर जॅकने किंवा विंचने सरळ होतो, तुटला तर गाडी जागची हलत नाही. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून जंपर केबल आणि वेल्डिंग रॉडने सांधता येतो. त्यात बॅटऱ्या दोन्ही गाड्यांपासून पूर्ण सोडवायच्या, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जळाला म्हणून समजा.

दहा-अकराचा पाना

सांधता येतो, पण नुसता तोंडाला तोंड लावून नको. वर अँगलचा तुकडा ठेवून त्याला पण वेल्ड मारा, टिकंल. डोळ्याला काळी काच आणि बॅटरी माणसापासनं लांब, फुटली तर ॲसिड उडतं. आणि तशा गाडीनं हायवेला यायचं नाही, पहिल्या गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं थांबायचं.